चुलीचं बूड

मोजणीच्या तळावरून,
ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ठोक्या,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. तू, तुझी बायको, पोरगी, सगळी बरी असाल असं धरून चालते, कारण तू आपणहून काही कळवशील ही आशा मी सोडली. चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेली बहीण पत्र लिहिते आणि दहावी झालेला भाऊ तोंडात गुळणी धरून बसतो. असो. अक्षर लागलं नाही तर पोरीकडून वाचून घे.

मी पुन्हा कामावर आले हे ड्रायव्हरनं तुला सांगितलंच असेल. त्याच्या तोंडाला बूच नाही. घरी बसून भिंती बघायच्या, त्यापेक्षा इथं डोंगर बघते. दोन्ही गप्पच असतात, पण डोंगराचे पोपडे अंगावर पडत नाहीत. साहेबांनी विचारलं, "बाई, जमेल ना?" मी म्हटलं, "भात शिजवायचाय, साहेब, पर्वत नाही उचलायचा." त्यावर ते नकाशा उलगडत बसले. हल्ली माझ्याशी कुणी धड बोलत नाही. मी जवळ गेले की बोलणं थांबतं. मी शाळेतल्या बाई असल्यासारखं.

काम तेच आहे. रस्त्याची रेघ डोंगरातून पुढे सरकते तसा आमचा तळ सरकतो. मोठा तळ खाली ओढ्याशी. तिथं सिलिंडर आहे, आचारी आहे, सगळा थाट आहे. वर पुढच्या तळावर आम्ही मोजकेच. साहेब, तो लंबू, त्याच्या जोडीचा चष्मेवाला आणि मी. गाडी खालच्या वळणापर्यंतच येते, तिथून सिलिंडर पाठीवर घेऊन इथं चढणार कोण? त्यामुळे चहा, भात, बटाटे, अंडी, जे काय ते तू केलेल्या डब्याच्या चुलीवर. एका वेळी एक भांडं. भात उतरला की बटाटे चढतात, तोवर भात गार. लंबू म्हणतो, "बाई, एक दिवस दोन्ही गरम मिळालं तर मी पेपरात देईन." मी म्हटलं, दे, फोटोसकट दे.

आता मुद्द्याचं. चुलीची जाळी गेली. मधोमध जळून बोट जाईल एवढं भोक पडलंय. काटकी अर्धी जळली की खाली पडते, खालच्या भोकांची हवा बुजते, आणि मग तुझी ती नावाजलेली बिनधुराची चूल कुबट लाकडासारखी धूर ओकते. परवा माझे डोळे चुरचुरले. लंबू लगेच उठून बाजूला गेला. त्याला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. धूर होता.

नवी जाळी करून ड्रायव्हरबरोबर पाठव. जाड पत्र्याची. मागच्या वेळी तू दुधाच्या डब्याचं झाकण वापरलं होतंस, मला कळत नाही असं समजू नकोस.

काटक्या ओल्या मिळतात. मी त्या पोत्यात भरून तंबूत उशाशी ठेवते, सकाळपर्यंत बऱ्या होतात. अंगठ्याएवढ्या जाड, वितीएवढ्या लांब, उभ्या ठासून भरायच्या आणि वरून पेटवायच्या. चष्मेवाला अजून खालून काडी लावायला जातो. शिकलेला माणूस, त्याला चूल वरून पेटते हे पटतच नाही. आधी काटक्या मोडायचं काम ह्यांचं होतं. गुडघ्यावर ठेवून मोडायचे, कड्‌ कड्‌, आणि सगळ्या एका मापाच्या. आता मी मोडते. माझ्या लहानमोठ्या होतात.

ड्रायव्हर म्हणाला तुझं दुकान बंद आहे. शटर खाली, कुलूप. त्यानं बादली बूड लावायला नेली होती तर तुझ्या बायकोनं दारातूनच सांगितलं, की हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलीत, आता पत्र्याचं काम करणार नाही म्हणे. मी म्हटलं आजारी असेल. तो म्हणाला, "आजारी नाही. चांगला धडधाकट खुर्चीत बसला होता. पण मिशी काढलीय हो त्यानं. मी ओळखलंच नाही."

तुझी मिशी का काढलीस? जन्मात कधी काढली नव्हतीस.

त्या दिवशी तू आलास, दारात उभा राहिलास, चपलासुद्धा काढल्या नाहीस. घरात माणसं होती, मी कोपऱ्यात होते. मी तुला बघितलं. तूही बघितलंस. मग तू गेलास. मला वाटलं होतं आत येशील. त्याचा राग नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं, ते सध्या नाही. फक्त बघितलं होतं एवढं सांगते.

बाकी काय झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते मी लिहीत बसणार नाही.

जाळी पाठव. शटर उघडल्याशिवाय जाळी होत नाही, ते तूच बघ.

पोरीला आत्याचा पापा.

तुझी
ताई

•

तळावरून,
ता. २३ नोव्हेंबर

ठोक्या,

आशीर्वाद. तब्येत बरी. थंडी वाढली, सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. आता ऐक.

मी जाळी मागितली आणि तू गॅस पाठवलास. तो बुटका, बाटलीवरचा. ड्रायव्हरनं खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि खाली बघत म्हणाला, "बाई, भाऊ म्हणाला की ती चूल ओढ्यात टाकून द्या." मी विचारलं, "आणि काय म्हणाला?" तर म्हणे, "आणखी काही नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही मला."

ओढ्यात टाक म्हणे. तुझ्या बापाचा ओढा आहे का? आणि हा गॅस काय कामाचा? या थंडीत तो म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा खुसखुसतो. मांडीखाली धरून बाटली ऊबवायची आणि मग चहा. बाटली संपली की पुढची खालून येईपर्यंत आम्ही काय तुझं नाव घेऊन पोट भरायचं? इथं काटक्या पायाखाली पडल्यात. मी चूलच पेटवते. जाळीच्या भोकावर एक चपटा दगड ठेवलाय. चालतं.

आणि तुला माहीत आहे, तो गॅस बघून साहेब काय म्हणाले? म्हणाले, "वा बाई, हा मी माझ्या तंबूत ठेवतो. रात्री हात शेकायला बरा." काही झालंच नाही जणू. मी त्यांच्या हातातून काढून घेतला. साहेबांच्या हातातून. नंतर त्यांच्या लक्षात आलं, तोंड एवढंसं झालं. "सॉरी बाई," म्हणाले, "डोक्यातच आलं नाही." चांगला माणूस आहे. पण थंडी वाजायला लागली की माणसाच्या डोक्यात काही येत नाही, हे मी बघितलं.

तू मिशी का काढलीस ते मला आठवलं. भांडी घासताना आठवलं.

तुझ्या दुकानात, पाऊस आत येतो म्हणून तू शटर अर्धं ओढलं होतंस. नवी चूल फळीवर ठेवलीस. बाहेर रंगाचा डबा, आत दुधाचा, दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा, वर भोकांची ओळ. काटक्या भरल्यास, वरून काडी लावलीस आणि जरा वेळानं वरच्या भोकांतून निळ्या निळ्या ज्वाळा जीभ बाहेर काढायला लागल्या. तू हात पसरून उभा, जणू पोर झालं. "बघ ताई, धूर शोधून दाखव! भाऊजी, ही तुम्ही तंबूत अंथरुणाशेजारी पेटवा. उशीला धुराचा वास लागला तर मिशी काढून देईन." आणि हे म्हणाले, "चुलीचं ठीक आहे रे, तुझ्या बहिणीच्या नाकातून निघतो त्या धुराला काही आहे का?" तुम्ही दोघं हसत सुटलात. मी पण हसले. उगीच नाही कशाला म्हणू.

मग ह्यांनी ती चूल तळावर सगळ्यांना दाखवली. माझ्या मेव्हण्यानं केलीय, माझ्या मेव्हण्यानं. साहेबांना, लंबूला, खालच्या आचाऱ्याला. धूर दाखवा आणि माझ्या वाटचा चहा प्या. बाकी वेळ खांदा पाडून चालणारा माणूस, मोजणीची पट्टी हातात आली की आणि तुझी चूल दाखवायची असली की ताठ उभा राहायचा.

डॉक्टर म्हणाले, धूर असता तर हे खोकून बाहेर आले असते. निखाऱ्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वास नाही. बंद तंबूत माणूस झोपतो तसा झोपतो. एवढंच. "त्यांना काही कळलं नसणार," असं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बरं.

आता तुला सगळे म्हणत असतील की तुझी चूक नाही. तुझी बायको म्हणत असेल, शेजारी म्हणत असतील. मी म्हणणार नाही. तू जे बोललास ते चूकच होतं. पत्र्याची अक्कल होती तुला, निखाऱ्याची नव्हती. आणि नसलेल्या अकलेवर पैज लावलीस. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं असतं, पण तू चपला न काढता गेलास.

पण एक सांगते. मी उशी हुंगून बघितली. गोधडी पण. ह्यांची टोपी पण. धुराचा वास नव्हता. जराही नाही. पैज तू जिंकलास, ठोक्या. मिशी उगाच काढलीस.

वाढव परत. तोंड उघडं पडतं तुझं.

मला सगळे विचारतात, बाई, झोप लागते का, बाई, जेवलात का. झोप लागते. जेवते. रडत नाही म्हणून खालच्या आचाऱ्याची बायको काळजीत आहे. म्हणते, एकदा मोकळ्या व्हा. मी म्हटलं, बाई, मी काय नळ आहे का? सोडला की धो धो? सकाळी पाणी आणते, चूल भरते, भात मऊ झाला की उतरवते. बोट लावून बघते. मऊ झालेलं कळतं. बाकी काही कळत नाही.

गॅस परत पाठवत नाही, खालच्या आचाऱ्याला दिला. पावती मागू नकोस.

जाळीचं मी विसरले नाही.

ताई

•

तळावरून,
ता. ६ डिसेंबर

प्रिय ठोक्या,

आशीर्वाद. हे पत्र पोरीकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर लागलं नाही तरी तूच वाच. ड्रायव्हर तोंडाचा सैल, म्हणून पाकीट भाताच्या पेजेनं चिकटवलंय. सुटलं असेल तर त्यानं वाचलंय असं समज आणि त्याच्या पाठीत एक घाल.

पोत्यात चूल आहे. आधी पत्र वाच, मग पोतं उघड. पोतं आधी उघडलंस तर तुला झीट येईल.

मंगळवारी दुपारपासून गारांचा मारा सुरू झाला. मोजणी थांबली. मी चूल फडक्याखालच्या आडोशाला लावली होती, चारी बाजूंनी उघडी असते ती जागा. चहा झाला, सगळ्यांना दिला. चष्मेवाला अंगात कणकण म्हणून तंबूत पडला होता. मी भांडी गोळा करायला वळले आणि परत बघते तर चूल जागेवर नाही. लंबूनं दोन्ही हातांना फडकी गुंडाळून ती उचलली होती. आत लालभडक निखारे, वर चहाचं पातेलं, आणि चालला होता तंबूकडे, जपून, जसं बाळ नेतोय.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. साहेब म्हणतात मी ह्यांना नावानं हाक मारली. मी कधी ह्यांना अशी हाक मारलेली नाही, त्यामुळे मला ते खरं वाटत नाही.

लंबू थांबला. म्हणाला, "अहो बाई, दार उघडं ठेवणार होतो. त्याच्यासाठी चहा गरम राहील म्हणून नेत होतो फक्त."

चहा गरम राहील म्हणून.

मी चुलीला हात घातला. फडकं नव्हतं माझ्या हातात. त्यानं सोडली नाही, मी सोडली नाही, तो एवढा उंच माणूस आणि मी ही अशी, ओढाओढी झाली. पातेलं गेलं. आणि खालचं बूड, ते जाळीच्या भोकातून पडलेल्या विस्तवानं रोज भाजून भाजून कागदासारखं झालं होतं, ते एका बाजूनं उघडलं. जाळी, दगड, निखारे, सगळं खाली गवतात. गारा पडत होत्या, चर्र झालं. लंबूच्या हातात नुसता डबा राहिला, वर खाली मोकळा. तो त्यातून माझ्याकडे बघत होता. एरवी मी हसले असते.

माझा तळहात भाजला. चांगला भाजला, फोड आलेत, म्हणून हे अक्षर असं. पण दुखला, ठोक्या. किती तरी दिवसांनी काहीतरी दुखलं. मी तो हात गारांत धरून तशीच उभी राहिले. लंबू रडायला लागला. घ्या! मी त्याला म्हटलं, "रडतोस कशाला, बटाटे आहेत अजून."

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना नाही, डॉक्टरांना नाही, सासूबाईंना तर नाहीच.

मी त्या दिवशी सामान आणायला ड्रायव्हरबरोबर खाली गेले होते हे तुला माहीत आहे. संध्याकाळी परत येणार होते. ओढ्यात गाडी रुतली, चाक फिरलं तिथंच फिरलं, मग आम्ही खालच्या तळावर राहिलो आणि सकाळी मी वर आले. हेही माहीत आहे. सगळे म्हणतात ह्यांना थंडी वाजली म्हणून चूल आत घेतली. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. तुला वाटतं तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून घेतली. तू तेवढ्यावर दुकान बंद करून बसलास.

मी तंबूची चेन उघडली. पहिली मी होते, मागून कुणी आलं नव्हतं. हे बसलेले होते. आडवे नव्हते. पाठ सामानाच्या पेटीला टेकलेली, गोधडी खांद्यावर, टोपी घातलेली. चूल समोर, गार. चुलीवर पातेलं. पातेल्यावर ताटली झाकलेली, ताटलीवर दगड, म्हणजे वाफ जाऊ नये. आणि दोन कप. दोन्ही पालथे घालून ठेवलेले, धूळ पडू नये म्हणून. मी त्यांच्या नावानं रोज शंख करायचे की कप उताणे ठेवता, राख पडते. त्या दिवशी पालथे ठेवले होते.

ह्यांना थंडी वाजत नव्हती रे. तुला माहीत आहे तो माणूस, थंडीत सदरा उघडा टाकून हिंडायचा. माझा चहा गरम राहावा म्हणून चूल आत घेतली. बाहेर वारा होता, निखारे विझले असते. मी आता येईन, मग येईन, म्हणून हे बसून राहिले.

मी ताटली काढली. चहा होता. वर साय धरली होती. मी कप सरळ केला आणि ओतून घेतला आणि प्यायले. सगळा. गार होता, साखर जास्त होती, नेहमी जास्तच घालायचे. मग दुसरा कप पण ओतला आणि तोही प्यायले. मग पातेलं बाहेर नेऊन धुतलं. कप धुतले. मग लोकांना हाक मारली.

लोक म्हणतील बाई वेडी. म्हणोत. चहा तसाच टाकवला नाही मला.

म्हणून सांगते, तुझी पैज, तुझी मिशी, ते सगळं बाजूला ठेव. ती पैज तू लावली नसतीस तरी त्यांनी चूल आत घेतलीच असती. तुझी नसती तर दुसऱ्या कुणाची घेतली असती. निखारे घमेल्यात भरून घेतले असते. तू त्या तंबूत नव्हतासच, ठोक्या. तिथं आम्ही दोघंच होतो, आणि त्यातली मी उशिरा आले.

बस्स. झालं लिहून.

आता चुलीचं. लंबूच्या हातात तो मोकळा डबा राहिला तेव्हा मी बघितलं. तो उचलून उभा होता आणि विस्तव खाली होता. विस्तव वर आलाच नाही. मग मी दोन दिवस तेच डोक्यात घोळवलं, कारण दुसरं घोळवायला काही बरं नव्हतं.

चुलीला बूडच नको. जाळीला तीन पाय लाव, चांगले बोटभर उंच, ती सुटी जमिनीवर उभी राहू दे. काटक्या जाळीवर. डबा नुसता वरून घालायचा, टोपीसारखा, आत एक बाहेर एक तसेच, वरची भोकं तशीच. पेटेल, मी बघितलं पेटवून, तीन दगडांवर जाळी ठेवून. थोडा वारा लागतो, खाली एक पट्टी वाकवलीस तर तेही भागेल. आणि कुणी शहाण्यानं उचलून आत न्यायची ठरवली, थंडीनं म्हण, चहासाठी म्हण, प्रेमानं म्हण, तर त्याच्या हातात नुसता डबा येईल. विस्तव बाहेरच राहील. पाटी लिहून ठेवली तर कोण वाचतं? साहेब एवढे शिकलेले, तेही म्हणाले डोक्यात आलं नाही. डोक्यावर सोडायचंच नाही. डब्यानंच नाही म्हटलं पाहिजे.

तू म्हणशील, बूड नसलं तर डबा लेचापेचा होतो, राख सांडते, हिला काय कळतं. तर काठाला आत तार घालून वळव, तू बादलीला करतोस तसं. राख सांडू दे. राख झाडायला मी आहे.

उरलेलं बूड मीच काढायला गेले. ड्रायव्हरची छिन्नी आणि एक दगड, एक हात भाजलेला. कसं कापलंय ते पोतं उघडलंस की दिसेलच. उंदरानं कुरतडलेली पोळी बरी. एका बाजूला पत्रा वरपर्यंत फाटला, दुसरीकडे मी ठोकून ठोकून चेपलाय. लंबू म्हणाला, "बाई, हे तुमच्या भावानं बघितलं तर तुम्हाला बहीण म्हणणार नाही." मी म्हटलं, म्हणूनच पाठवतेय.

तुला असलं काम बघवत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी शेजारच्यांच्या छपराचा वाकडा खिळा तू शिडी लावून काढून आला होतास आणि त्यांनी तुला चोर म्हणून धरला होता. तेव्हा बघ फळीवर ठेवून किती दिवस बसवतं ते.

एक केलीस की आणखी कर. साहेब म्हणाले, अशी झाली तर सगळ्या तळांना घेतील. साहेबांचं जाऊ दे. मला एक पाहिजे. तळ आता आणखी वर सरकणार आहे, तिथं बर्फ असतो. तोवर मी दगडांवर शिजवते, हात बांधलेला आहे, चष्मेवाला फुंकायला बसतो आणि अजून खालूनच पेटवतो.

आणि येणार असलास तर ये. ड्रायव्हरच्या गाडीत पुढे जागा असते. चपला काढून तंबूत बस. मी तुला काही म्हणणार नाही. जे म्हणायचं होतं ते मागच्या पत्रात म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हणायला मी रेडिओ नाही.

शेवटचं एक. चुलीच्या बाहेरच्या डब्यावर एका बाजूला तपकिरी ओघळ आहे. ठोकायचं तिथं ठोक, कापायचं तिथं काप, पण तो घासू नकोस. मी सगळं घासते, तुला माहीत आहे, पातेल्याचं बूडसुद्धा चकचकीत लागतं मला. तेवढा ओघळ मी ठेवलाय. चहा एकदा उतू गेला असणार, वाट बघता बघता.

वाट बघायचं काम आमच्या घरात ह्यांचं होतं. मला ते कधी जमलं नाही, मी गाडी यायच्या आधी चालायला लागणारी बाई. आता शिकते. गाडी जिथवर येते ते खालचं वळण माझ्या आडोशातून दिसतं. शनिवारी मी तिकडे तोंड करून बसणार आहे, आणि चहा चारी बाजूंनी उघड्या जागेत ठेवणार आहे. गार झाला तर गार प्यायचा.

तुझी,
उशिरा पोचलेली
ताई